प्राणवायूची चावी

आमच्या दादाच्या दुकानात दोन बाटले भिंतीला साखळीने बांधून उभे असत. एक काळा आणि एक मरून रंगाचा. दुकान म्हणजे तरी काय, सावंतवाडीच्या बाजारापासून थोडी आडबाजूला असलेली पत्र्याची शेड. खिडक्यांचे गज, अंगणांची फाटके, जिन्यांचे कठडे, एखाद्या टेम्पोचा मोडलेला हूक, असे गावात जे जे लोखंडाचे म्हणून मोडे किंवा नव्याने लागे ते दादाकडे येई. वडील गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि मी सहा वर्षांचा. त्याने आयटीआय अर्धी सोडून हाती वेल्डिंगची टॉर्च घेतली आणि त्या टॉर्चच्या उजेडात मी एम. ए. झालो. आज मी कॉलेजात मराठी शिकवतो. गिऱ्हाइकांपुढे तो माझा उल्लेख 'आमचो मास्तर' असा करतो. मी प्राध्यापक आहे हे त्याला ठाऊक आहे. पण मास्तर हा शब्द त्याला अधिक भरीव वाटत असावा.

तर ते दोन बाटले. मरून बाटल्यात ॲसिटिलीन. हा वायू पेटतो. काळ्यात प्राणवायू. हा स्वतः पेटत नाही, दुसऱ्याला पेटू देतो. दुकानात नवा पोरगा कामाला लागला की दादाचा पहिला धडा ठरलेला असे.

"तांबड्याक सगळे भियतत. तुमी काळ्याक भिया."

मी त्या वेळी कॉलेजात होतो आणि नुकताच तर्कशास्त्राचा पेपर देऊन आलो होतो. जो पेटतो त्याला भ्यायचे नाही आणि जो पेटत नाही त्याला भ्यायचे, हे माझ्या तर्कशास्त्रात बसेना. मी तसे म्हणालो. दादा काही बोलला नाही. त्याने एक गंजका अँगल घेतला, टॉर्चच्या निळ्या जिभेने तो लाल होईपर्यंत तापवला आणि मग टॉर्चची दांडी दाबली. त्या दांडीने निव्वळ प्राणवायूचा झोत सुटतो. क्षणात ठिणग्यांचे कारंजे उडाले आणि लोण्यातून सुरी जावी तसा झोत लोखंडातून पार गेला.

"ह्या लोखंड वितळत नाय हां," तो म्हणाला, "ह्या जळता."

लोखंड जळते हे मी शाळेत गंजाच्या धड्यात वाचले होते, आणि आमच्या खाऱ्या हवेत दर पावसाळ्यात पाहतही होतो. पण जे काम आमच्या घराच्या फाटकाला दहा वर्षे लागत ते डोळ्यांदेखत दहा सेकंदांत झालेले मी तेव्हा प्रथम पाहिले. दादाचे आणखी दोन नियम होते. काळ्या बाटल्याला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवायचे, कारण दाबाखालच्या प्राणवायूला तेलाचे किंवा ग्रीसचे बोट लागले तर काडी न लावताही भडका उडतो. आणि दुसरा नियम चावीचा: उजवीकडे बंद, डावीकडे उघडी. हा नियम तो पोरांकडून पाढ्यासारखा म्हणवून घेई. मी मास्तर होणार हे तेव्हाच ठरलेले असल्यामुळे माझ्याकडून त्याने तो कधी म्हणवून घेतला नाही.

मला त्या वायूपेक्षा त्याच्या नावाचे कौतुक अधिक होते. फ्रान्सच्या लाव्हाझिएने त्याला जे नाव दिले त्याचा ग्रीक अर्थ आम्ल उत्पन्न करणारा असा होतो. सगळ्या आम्लांत हा वायू असतोच, अशी त्याची समजूत होती. ती पुढे खोटी ठरली, पण नाव राहिले. बंगाल्यांनी त्याचेच भाषांतर करून 'अम्लजान' म्हटले. आपण मराठी माणसांनी मात्र आम्लाबिम्लाकडे न पाहता थेट पंचप्राणांत हात घातला. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान या पाचांतला जो पहिला तोच या वायूला देऊन टाकला. आमच्या वडिलांच्या पिढीच्या शास्त्राच्या पुस्तकात तर उच्छ्वासाच्या वायूला 'कर्बद्विप्राणिल' असे भारदस्त नाव असे. म्हणजे जो श्वास आपण टाकून देतो त्यातही दोन प्राण होतेच! वर्गात हे सांगताना मी नेहमी आमच्या पूर्वजांच्या कल्पकतेची पाठ थोपटत आलो. २०२१ सालच्या मे महिन्यानंतर मी ते जरा जपून सांगतो. ज्याचे नाव प्राण, त्याची मात्रा जास्त होऊ शकते ही गोष्ट मराठी मनाला सहजी शिवतच नाही. निदान माझ्या मनाला शिवली नाही.

तो महिना वाचकांपैकी कुणी विसरला असेल असे मला वाटत नाही. त्या वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिकेच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठा तुटला आणि काही वेळातच २२ रुग्ण दगावले. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यांना, थोड्याफार अपवादांखेरीज, प्राणवायू देणे सरकारने बंद केले. सगळा इस्पितळांकडे वळवला. कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन एक आगगाडी विशाखापट्टणमला गेली होती. ती भरून परत कधी येते याच्या बातम्या आम्ही क्रिकेटच्या धावसंख्येसारख्या ऐकत होतो. दादाच्या दुकानातला काळा बाटलाही त्याच सुमारास गेला. कुणी मागायला आले आणि त्याने साखळी सोडून दिली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दादाच आजारी पडला. बोटाला लावायचे ते चिमट्याएवढे यंत्र तोपर्यंत घरोघरी आले होते. (ताकुओ आओयागी नावाच्या एका जपानी इंजिनियराने १९७४ साली त्याची कल्पना काढली. २०२० च्या एप्रिलमध्ये, साऱ्या जगाने आपापली बोटे त्याच्या यंत्रात घातली असतानाच, तो वारला.) दादाच्या बोटावर त्याने ८२ दाखवले. वहिनीने ते यंत्र आपल्या बोटाला लावून पाहिले, माझ्या बोटाला लावले, आणि पुन्हा दादाच्या. आकडा तोच. त्याच रात्री जिल्ह्यातल्या एका इस्पितळात आम्हांला खाट मिळाली. ती कशी मिळाली ती कथा निराळी आहे आणि फारशी भूषणाची नाही.

नियमाने नातलगांना आत मज्जाव होता. पण तीस खाटांना दोन नर्सबाई, त्यांतली एक स्वतः तापातून उठून आलेली. तेव्हा ज्यांना हा आजार एकदा होऊन गेला आहे अशांना रात्री आत बसू देत. मी त्यांतला. दादाच्या तोंडावर पिशवी लावलेला मुखवटा होता. उशाशी भिंतीला काचेची उभी नळी, तिच्यात एक गोळी, खाली पाण्याची बाटली आणि तिच्यात सतत उठणारे बुडबुडे. चावी उघडली की गोळी वर चढे. गोळी पंधरावर होती. म्हणजे मिनिटाला पंधरा लिटर. मी रात्रभर कधी त्या गोळीकडे आणि कधी पडद्यावरच्या आकड्याकडे पाहत बसे. आकडा हळूहळू चढत ९८ वर आला. इतके निर्भेळ सुख मला एम. ए. चा निकाल लागला तेव्हाही झाले नव्हते.

शनिवारी, १५ तारखेला संध्याकाळी तिथला तरुण डॉक्टर आला. मूळचा मराठवाड्याकडचा, वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा. त्याने आकडा पाहिला आणि हात लांबवून चावी फिरवली. गोळी पंधरावरून दहावर उतरली. थोड्या वेळाने आकडा ९३ झाला.

"डॉक्टर, कमी झाला!" मी म्हणालो.

"मीच केला, सर. त्र्याण्णव पुरेसा आहे."

त्यावर मी त्या मुलाला काय काय बोललो ते सगळे इथे लिहिण्याचे धैर्य मला नाही. एवढेच सांगतो की, पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी बाई होती आणि तिच्यासाठी आमचा प्राणवायू काढता का, असे मी ती ऐकत असताना विचारले. तो मुलगा रागावला नाही. त्याचे डोळे झोपेने सुजले होते.

"वाचलेला तिकडे जातो, ते खरंच आहे. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?" तो म्हणाला. "पण त्यांना नसता द्यायचा तरी मी इथे कमीच केला असता. फार वेळ फार दिला तर फुप्फुसं भाजतात, सर. हे औषध आहे, त्याला डोस असतो."

मला यातले पहिले वाक्य ऐकू आले. बाकीची सारवासारव वाटली.

दुसरा दिवस रविवार. त्या दिवशी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले. सिंधुदुर्गात ज्यांनी ती रात्र काढली त्यांना तिचे वर्णन नको आणि इतरांना करून समजणार नाही. माड कंबरेतून वाकत होते, कौले उडत होती, आणि रात्री केव्हातरी दिवे गेले. जनरेटर सुरू होईपर्यंत एक मिनिट गेले असेल. त्या काळोखात तीस मुखवट्यांचा सूंऽऽ आवाज तेवढा येत होता. दिवे आले तेव्हा दादाचा आकडा ९१ होता. नर्सबाई दूरच्या टोकाला होत्या. मी उठलो आणि चावी फिरवली. गोळी पंधरावर गेली. आकडा ९७ झाला. पहाटे साडेपाचला, फेरी यायच्या आधी, मी गोळी पुन्हा दहावर आणून ठेवली. चोरी करणाराला जो सराईतपणा पहिल्याच दिवशी येतो तो मला आला होता.

सोमवारी रात्री तेच. त्या रात्री दादा जागा होता. मी चावीला हात लावताच त्याने चादरीखालून आपला हात काढला आणि हवेत बोटे फिरवली, चावी फिरवतात तशी. मला भरून आले. 'आणखी सोड' म्हणतोय असे समजून मी चावी जाईल तेवढी उघडली.

मंगळवारी रात्री तीन वाजता डॉक्टर अवचित आला आणि मी पकडला गेलो. तो काही बोलला नाही. त्याने गोळी खाली आणली, खिशातून चिकटपट्टी काढली, चावीवर आडवी लावली, वर पेनाने '१०' लिहिले आणि पुढच्या खाटेकडे गेला. माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो सर्वात कडक शेरा.

गुरुवारपासून दादाचे पुन्हा बिघडले. त्याला दाबाने श्वास देणाऱ्या यंत्रावर घ्यावे लागले. पुढचे पाच दिवस मी खिडकीबाहेरच्या मोडलेल्या जांभळाकडे पाहत काढले. सहाव्या दिवशी यंत्र निघाले. बाविसाव्या दिवशी दादा घरी आला. नाकात नळी, अंगावर सदरा लोंबतोय, आणि मोती तलाव दिसताच गाडीची काच खाली करायला सांगतोय.

त्यानंतर मी वाचू लागलो. आम्हां मास्तरांना अपराध झाला की वाचण्याखेरीज दुसरे प्रायश्चित्त सुचत नाही. आमच्या विज्ञान विभागातल्या सहकाऱ्यांना छळून मी जे गोळा केले ते सगळेच्या सगळे इथे ओतत नाही. पण काही गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत.

एक म्हणजे, ही शंका त्या वायूइतकीच जुनी आहे. प्रीस्टली नावाच्या इंग्रज पाद्रयाने १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने ऊन पाडून हा वायू मिळवला. (स्वीडनच्या शीलने तो आधीच मिळवला होता, पण त्याचे पुस्तक छापून यायला उशीर झाला. ज्यांची पुस्तके प्रकाशकाकडे पडून आहेत त्यांना त्याचे दुःख कळेल.) प्रीस्टलीने त्यात उंदीर ठेवून पाहिला, मग स्वतः हुंगून पाहिला, छाती हलकी वाटली. आणि लगेच त्या भल्या माणसाने लिहून ठेवले की, मेणबत्ती या हवेत लवकर जळून जाते, तसे माणसाचे आयुष्यही यात भरभर जळून संपेल की काय कोण जाणे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या पाद्रयाला मेणबत्ती पाहून जे सुचले, दादाला अँगल कापताना जे ठाऊक होते, ते मला पंधराव्या आकड्याकडे टक लावूनही सुचले नाही.

पुढे १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवले की दाबाखालच्या प्राणवायूने प्राण्यांना झटके येतात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांसाठी हे प्रयोग स्वतःवर केले आणि अशाच एका झटक्यात पाठीचे मणके दुखावून घेतले. हेच हाल्डेन १९५७ साली कलकत्त्याला आले, हिंदी नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. पण ती झाली मेंदूची गोष्ट. फुप्फुसांची गोष्ट १८९९ सालची आहे. जेम्स लॉरेन स्मिथ याने उंदीर आणि पक्षी साध्या हवेच्या दाबाखालीच, पण भरपूर प्राणवायूत ठेवले. काही दिवसांत त्यांची फुप्फुसे न्युमोनिया झाल्यासारखी सुजून घट्ट झाली. कसला जंतू नाही, विष नाही. होता तो निखळ प्राण.

हे होते कसे, ते मला आमच्या जीवशास्त्राच्या बाईंनी खडूने फळ्यावर काढून दाखवले. आपण घेतो त्या हवेत शंभरात जेमतेम एकवीस भाग प्राणवायू असतो आणि अठ्ठ्याहत्तर भाग नत्रवायू. फुप्फुसांत कोट्यवधी नाजूक फुगे. त्यांच्या भिंती इतक्या पातळ की वायू आरपार जावा. शरीरातल्या पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा त्यातला थोडासा अर्धवट राहून भडक माथ्याचा होतो आणि शेजारच्या कशालाही डसतो. आपल्या अंगात त्याला आवरणारे रक्षक असतात. एकवीस टक्क्यांपुरते ते पुरतात. ऐंशी-नव्वद टक्के प्राणवायू दिवसच्या दिवस आत येऊ लागला की रक्षक कमी पडतात. रेबेका गेर्शमन या अर्जेंटिनाच्या विदुषीने १९५४ साली म्हटले की, अतिरिक्त प्राणवायूने होणारी इजा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा यांची जात एकच. फुग्यांच्या भिंती सुजतात, त्यांतून पाणी झिरपते, फुगा उघडा ठेवणारा जो ओशट लेप असतो तो बिघडतो. आणि हे लांबले तर सूज ओसरताना मागे व्रण उरतात. धडधाकट माणसालाही निव्वळ प्राणवायूवर ठेवले तर एका दिवसाच्या आतच छातीच्या हाडामागे चुरचुरते आणि कोरडा खोकला सुरू होतो.

आणि नत्रवायू! बाईंनी सांगितलेली ही गोष्ट मला फार आवडली. तो रक्तात फारसा शिरत नाही, काही करत नाही, नुसता फुग्यात बसून राहतो. आणि म्हणूनच फुगा मिटत नाही. निव्वळ प्राणवायू भरला तर तो सगळाच्या सगळा रक्तात शोषला जातो आणि मागे टेकू नसलेला फुगा मिटून जातो. प्रत्येक एकत्र कुटुंबात असा एखादा काका असतो. तो कमावत नाही, भांडत नाही, ओसरीवर नुसता बसून असतो. त्याला कुणी मोजत नाही.

तो ९८ चा आकडाही मला कळला. रक्तातले तांबडे कण पुरते भरले की यंत्र शंभरच्या वर काही सांगू शकत नाही. घागर भरून वाहू लागली तरी ते 'भरली' एवढेच म्हणणार. किती वाहून गेले ते नाही. म्हणून आपल्याकडच्या सूचनांतही त्या आजारात ९२ ते ९६ एवढेच राखावे असे सांगितलेले होते. ज्यांना जुना दम, विडीने खोकला झालेला, त्यांच्यासाठी तर ८८ ते ९२. माझा तो डॉक्टर हेच करत होता.

हे सगळे वैद्यांनाही फुकट कळलेले नाही. १९४० नंतरच्या काळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवून भरपूर प्राणवायू देऊ लागले. बाळे जगली, पण जगभरात सुमारे दहा हजार बाळे आंधळी झाली. ती अधिक करून सुधारलेल्या देशांतली आणि चांगल्या इस्पितळांतली, कारण प्राणवायू परवडत होता तो तिथेच. मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी १९५१ साली प्राणवायूवर बोट ठेवले आणि १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या अठरा इस्पितळांनी मिळून पाहणी केली तेव्हा खात्री पटली. मग भीतीने तो फारच कमी केला, तर बाळे त्याच्या अभावाने मरू लागली. १९६७ साली नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, यंत्रावर दिवसच्या दिवस ऐंशी ते शंभर टक्के प्राणवायू घेतलेल्या बाळांच्या फुप्फुसांतले व्रण वर्णन केले. आजही अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे डोळे वेळेवर तपासून घ्यावे लागतात, ते यासाठीच. माझ्या एका विद्यार्थिनीला सातव्या महिन्यात मुलगी झाली तेव्हा मी तिला पेढ्यांऐवजी हेच विचारले, आणि ती बिचारी गोंधळून गेली.

एक मात्र स्पष्ट लिहायला हवे, नाहीतर माझ्यासारखाच कुणी दुसऱ्या बाजूने चावी फिरवील. प्राणवायू तुटला तर माणूस मिनिटांत जातो. नाशिकला तेच झाले. जास्तीचा जो त्रास तो पुष्कळ मात्रा पुष्कळ तास दिल्यावर होतो. घरी नाकातल्या नळीतून मिनिटाला दोन लिटर घेणाऱ्या म्हाताऱ्याची फुप्फुसे त्याने भाजत नाहीत. कुणी हा लेख वाचून आजाऱ्याची नळी काढू नये.

दादा घरी आल्यावर चार महिने ते हवेतला नत्र गाळून प्राणवायू देणारे यंत्र आमच्या माजघरात घुरघुरत होते. डॉक्टरांनी दोनवर ठेवायला सांगितलेले. भेटायला येणारा प्रत्येकजण ते पाचावर करा म्हणून सल्ला देई. मी त्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून पेपर तपासत बसे. कुणाला हात लावू देत नसे. वहिनी म्हणे, भावजी बदलले.

फुप्फुसांच्या एका तज्ज्ञांकडे दादाला नेले. त्यांनी सीटी स्कॅनची तावदाने उजेडाला धरली. खाली दोन्हीकडे जाळीसारखे व्रण होते. दादा बाहेर गेल्यावर मी सहज विचारल्यासारखे करून विचारले, हे प्राणवायू जास्त झाल्याने असेल का? किती, कधी, असे त्यांनी विचारले. मी तीन रात्री म्हणालो. कुणी, ते सांगितले नाही. ते म्हणाले, "तो आजार दुसऱ्या आठवड्यात असाच उलटतो. शिवाय यांनी तीस वर्षं वेल्डिंगचा धूर घेतलाय. तिघांची पावलं सारखीच उमटतात हो. कुणाचं कुठलं ते आता ब्रह्मदेवही सांगणार नाही." मी त्यांची फी दिली आणि बाहेर आलो. संशयाचा फायदा मिळालेला आरोपी घरी जाऊन जेवतो तसा मीही जेवलो.

मालवणला, तारकर्लीला हल्ली पर्यटक समुद्राच्या तळाशी जाऊन मासे पाहून येतात. पाठीवरच्या बाटल्याला सगळे ऑक्सिजनचा बाटला म्हणतात. माझी मुलगी गेली होती तेव्हा मी तिथल्या पोऱ्याला विचारलेच. तो हसून म्हणाला, "सर, हवा ती, दाबलेली साधी हवा. निव्वळ ऑक्सिजन घेऊन धा मीटर खाली गेलात तर वर येवचे नाय." त्याला कुणी प्रीस्टली शिकवला नसेल. माझ्याच घरात एवढे ठाऊक असलेला माणूस होता आणि मी त्याच्या उशाशी बसून होतो.

दादा आता दुकानात जातो, पण टॉर्च पोरांच्या हाती असते. संध्याकाळी तो मोती तलावाला एक फेरी घालतो. पूर्वी ती न थांबता होई. आता तीन बाक ठरलेले आहेत. तिसऱ्या बाकावर तो जरा जास्त बसतो. मी सोबत असलो की मी काहीतरी बोलत राहतो, म्हणजे धाप लागल्यामुळे तो बोलत नाही हे लोकांच्या लक्षात येत नाही.

यंदा चतुर्थीला मखराची लोखंडी चौकट तो स्वतः बांधायला बसला. दुकानात आम्ही दोघेच होतो. भिंतीशी काळा बाटला पुन्हा उभा आहे, नवा. पोराने चावी नीट बंद केली नव्हती आणि कुठेतरी बारीक सूंऽ आवाज येत होता. मला तो ऐकूही आला नव्हता. दादाने मान न वळवता पोराला हाक मारली, पोराने धावत येऊन चावी आवळली आणि तो बाहेर गेल्यावर मला काय झाले कुणास ठाऊक, मी ते तीन रात्रींचे सगळे सांगून टाकले. वादळाची रात्र, पहाटे साडेपाचला गोळी परत खाली आणणे, चिकटपट्टी, सगळे.

दादा तार पिळत होता. तार पिळून झाली तेव्हा तो म्हणाला, "माका ठावक आसा."

"कसं?"

"आवाजान कळता. दहाचो आवाज येगळो, पंधराचो येगळो."

मी गप्प राहिलो. मग तो जरा थांबून, दम घेऊन म्हणाला, "दुसऱ्या राती मी तुका हातान सांगत होतंय, बंद कर, बंद कर. तू आणखी सोडलंस."

त्याने हात वर केला आणि हवेत बोटे फिरवून दाखवली. उजवीकडे. त्या रात्रीही ती उजवीकडेच फिरली असणार.

"तू मास्तर माणूस. तुका डावा-उजवा खय कळता!" तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकला थांबल्यावर तारेचे दुसरे टोक माझ्याकडे करून म्हणाला, "धर ह्या. घट धर."